शेजाऱ्याचा शोषखड्डा, आपली विहीर

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे विहीर आणि संडासाच्या टाकीबद्दलची पत्रं वाढतात. शब्द वेगळे असले तरी बहुतेकांना विचारायचं एकच असतं : हे तपासायचं कुणी? सार्वजनिक विहिरीचं पाणी तपासायला सरकारी यंत्रणा आहे. परसातल्या विहिरीवर मालकाशिवाय कुणाचं लक्ष नसतं, आणि मालकाला वाटतं पंचायत बघत असेल. म्हणून या वेळी निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

आमची विहीर चाळीस वर्षं जुनी. शेजारी नवं घर बांधत आहेत आणि त्यांनी शोषखड्डा विहिरीपासून जेमतेम ३५ फुटांवर खणला आहे. पंचायतीत विचारलं तर "हा तुमचा आपसातला वाद" म्हणाले. नियम काय सांगतो? (लांजा तालुका)

नियम आहे, आणि तो कुणाच्या मर्जीवर सोडलेला नाही. आयएस २४७० हे भारतीय मानक (भाग २) आणि राज्याची २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, दोन्हींत आकडा एकच आहे. सांडपाणी जमिनीत मुरवायची जागा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे ५९ फूट लांब हवी. राहत्या घरापासून किमान ६ मीटर. टेप धरताना टाकीपासून धरू नका. शोषखड्ड्याच्या कडेपासून विहिरीच्या कडेपर्यंत मोजा. नकाशात टाकी लांब दाखवायची आणि शोषखड्डा गुपचूप कुंपणाला चिकटून खणायचा, हा प्रकार नेहमीचा आहे.

पण तुमच्या भागात ५९ फूट मिळाले म्हणून निर्धास्त होऊ नका. १८ मीटरचा आकडा माती पाणी गाळते या गृहीतावर उभा आहे. पोयट्याच्या किंवा बारीक वाळूच्या मातीत मैलापाण्यातले जंतू कणांना चिकटतात, अडकतात, मरतात. तुमच्याकडच्या जांभ्या दगडाला मात्र आरपार भोकं आणि नळ्या असतात. पाणी त्यातून गाळलं न जाता थेट वाहतं, शेडीच्या, म्हणजे जांभ्याखालच्या चिकणमातीच्या, थरावर अडतं आणि उताराच्या बाजूला पाझर म्हणून बाहेर येतं. तो पाझरच पुष्कळदा विहिरीचा झरा असतो. देशावर काळ्या पाषाणाच्या भेगा हेच काम करतात. त्यातून कोकणात जुलैत विहीर तोंडापर्यंत भरते, म्हणजे भूजल शोषखड्ड्याच्या तळाला येऊन टेकतं. भर पावसाळ्यातही त्या तळाखाली दोन मीटर कोरडी जमीन उरायला हवी. ती उरत नसेल तर शोषखड्डा आणि विहीर हे एकाच पाण्याचे दोन खड्डे झाले.

जमीन कशी आहे हे घरच्या घरी तपासता येतं. शोषखड्डा किंवा सांडपाणी मुरवायचा चर जिथे होणार तिथे, चराच्या खोलीइतकं, १५ ते ३० सेंटिमीटर रुंद भोक पाडा. तळाशी ५ सेंटिमीटर बारीक खडी टाका, पाणी भरून रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा भरा आणि पाणी २५ मिलिमीटर खाली जायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. दोन-तीनदा करा, शेवटचा आकडा धरा. ३० मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा चालतो. ३० ते ६० मिनिटं लागली तर खड्डा नको, उथळ चर काढावेत. ६० च्या पुढे ती जमीन सांडपाणी मुरवण्याच्या कामाची नाही. उलट टोकाला, पाणी एक-दोन मिनिटांत खाली गेलं की गवंडी खूश होतो : "जमीन मस्त पाणी पितेय." विहीरवाल्याने तेव्हाच सावध व्हायचं. इतक्या वेगाने जाणारं पाणी गाळलं जात नाही.

शेजाऱ्यांकडे नुसती तक्रार घेऊन जाण्यापेक्षा उपाय घेऊन गेलात तर काम लवकर होतं. शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर तो खालच्या उताराला हलवणं हा सर्वांत स्वस्त मार्ग. खड्डा बुजवायला दोन दिवस पुरतात, विहीर एकदा बिघडली की वर्षं जातात. जागाच नसेल तर तीन फूट खोल, खडी भरलेला लांब चर करून वर कर्दळ किंवा केळी लावावी. वरच्या मातीत हवा खेळते, जंतू मरतात आणि झाडं पाणी ओढून घेतात. जांभ्यात खड्डाच करायचा असेल तर तळ कॉंक्रीटने बंद करून भोवती अर्धा मीटर जाडीचा बारीक वाळूचा वेढा द्यावा. टाकीचा तळ आणि भिंती मात्र कुठल्याही परिस्थितीत पक्क्याच हव्यात. प्लॅस्टर झाल्यावर टाकी काठोकाठ भरून काही दिवस मुरू द्या, मग पातळीवर खूण करा. चोवीस तासांत दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरली तर ती गळतेय.

हे सगळं खड्डा उघडा असतानाच करायचं आहे. एकदा वर फरशी पडली की अंतर सिद्ध करायला पुन्हा खणावं लागतं. टेप धरून फोटो काढा. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, सोबत हाताने काढलेला नकाशा जोडा : विहीर, खड्डा, उताराची दिशा, अंतर मीटरमध्ये. गावठाणातल्या बांधकामाला परवानगी ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ खाली पंचायतच देते. तेव्हा "आपसातला वाद" हे उत्तर तिला शोभत नाही. प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्याला द्या आणि "स्थळपाहणी करून लेखी अहवाल द्यावा" ही ओळ अर्जात घाला. पाहणी झाली की बोलण्याला कागद मिळतो. दाद लागली नाही तर गटविकास अधिकारी. मंजूर नकाशात शोषखड्डा कुठे दाखवलाय हे दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने कळतं. पुष्कळ ठिकाणी तो दाखवलेलाच नसतो, आणि मग तुमची बाजू आपोआप भक्कम होते.

विहिरीवर वाडीतली चार घरं पाणी भरत असतील तर आणखी एक दार उघडतं. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी म्हणून काढू शकतात : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३. रतलाम नगरपालिकेच्या १९८० च्या खटल्यात उघडी गटारं आणि मैल्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने याच तरतुदीखालचा आदेश उचलून धरला होता. विहीर फक्त तुमच्याच घराची असेल तर या दारातून फार आशा ठेवू नका. जलप्रदूषण कायदा, १९७४ च्या कलम २४ मध्ये मात्र जाणूनबुजून विहिरीत घाण जाऊ देण्याला मनाई आहे, आणि त्यात विहीर कुणाची हा भेद नाही.

गावचा जलसुरक्षक सार्वजनिक विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, आमच्या विहिरीकडे येत नाही. आम्ही स्वतः टाकली तर किती टाकायची? (पारनेर तालुका)

तो येत नाही हे बरोबरच आहे. त्याचं काम सार्वजनिक स्रोतांपुरतं. हिरवं, पिवळं, लाल कार्डही सार्वजनिक स्रोतांच्या पाहणीवरूनच ग्रामपंचायतीला मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड राखून साथ येऊ न देणाऱ्या पंचायतीला चंदेरी. गावाला चंदेरी कार्ड असलं तरी तुमच्या परसातल्या पाण्याबद्दल ते काहीही सांगत नाही. जलजीवन मिशनखाली गावोगावी पाच महिलांना तपासणी संचाचं प्रशिक्षण दिलेलं आहे. त्यांना विनंती केली तर तुमचा नमुनाही बघतील.

आता मात्रा. आधी पाणी किती आहे ते काढा. व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ०.७८५, गुणिले १००० : आलं ते लिटर. फुटांत मोजलं असेल तर व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले २२. समजा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर. ३ × ३ × ४ × ०.७८५ × १००० म्हणजे २८,२६० लिटर. ३३ टक्के क्लोरीनची ताजी पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम धरली तर १४१ ग्रॅम. पोतं उघडून ठेवलेलं, पावडर दमट, वास गेलेला असेल तर ताकद २५ टक्क्यांवर आलेली असते. मग १८६ ग्रॅम लागते. २० टक्क्यांखालची पावडर वापरू नका. आणि मूठभर, ओंजळभर नको. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर प्लॅस्टिकची पिशवी ठेवून मोजा.

पावडर थेट विहिरीत फेकणं ही नेहमीची चूक. प्लॅस्टिकच्या बादलीत थोडं पाणी घालून आधी लगदा करा, गुठळ्या मोडा, मग पाऊण बादली भरेपर्यंत पाणी घालून ढवळा. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. वरच्या उदाहरणात दोन बादल्या होतील. पाच-दहा मिनिटांत चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता, ती दोरीने विहिरीत पाण्याखाली सोडा आणि वरखाली, गोल हलवत मिसळा. खाली बसलेला चुना विहिरीत टाकू नका, त्याने पाणी जड होतं. तासाभराने ओटी करा, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाण्यातलं क्लोरीन तपासा. पिवळा रंग आला तर ठीक, पण तो लगेच, दहा सेकंदांच्या आत वाचायचा. वेळ गेला की रंग वाढत जातो आणि आकडा फसवा येतो. तासाभरानंतर विहिरीत ०.५ आणि घरच्या नळाला किमान ०.२ मि.ग्रॅ. प्रति लिटर दाखवायला हवं. रंगच आला नाही तर पाण्यातल्या घाणीने सगळं क्लोरीन खाल्लं आहे. पुन्हा मात्रा द्या, आणि घाण कुठून येते ते शोधा.

उघड्या विहिरीत उन्हाने क्लोरीन एका दिवसात उडतं. म्हणून संध्याकाळी टाका. रोज विहिरीत टाकणं जमत नसेल तर गच्चीवरच्या टाकीत टाका : हजार लिटरला तेच ५ ग्रॅम, तीच निवळ काढायची पद्धत, भरल्यावर तासभर थांबून वापर.

पूर आला, जनावर पडलं, किंवा गाळ काढला तर हिशेब वेगळा. लिटरला ५० मि.ग्रॅ. क्लोरीन द्यावं लागतं. वरच्या विहिरीला सव्वाचार किलो ताजी पावडर. पंप थोडा वेळ चालवून घरातल्या प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा, मग १२ ते २४ तास बंद ठेवा, नंतर उपसून टाका. हे उपसलेलं पाणी संडासाच्या टाकीत, भाताच्या वाफ्यात किंवा ओढ्यात सोडू नका. गाळ काढताना डिझेल पंप विहिरीत उतरवून चालवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड तळाशी साचतो आणि खाली उतरलेला माणूस वर येत नाही.

प्रयोगशाळेच्या अहवालात "पिण्यास अयोग्य" आलंय : ई. कोलाय आढळले, नायट्रेट ६२. घरात चार महिन्यांचं बाळ आहे, वरचं दूध चालू आहे. पाणी उकळून वापरतो, पुरेसं आहे का? (इस्लामपूर)

बाळासाठी नाही. आजपासूनच बंद करा.

ई. कोलाय म्हणजे माणसाच्या किंवा जनावराच्या आतड्यातली घाण नुकतीच पाण्यात आली आहे. (नुसतं "कोलिफॉर्म" माती-पाचोळ्यातूनही येतं, ई. कोलाय नाही.) १०० मि.लि. पाण्यात तो शून्य हवा. खळखळून एक मिनिट उकळलं की तो मरतो. नायट्रेट मात्र उकळण्याने जात नाही, उलट वाढतं. भांड्यातलं पाव पाणी वाफ होऊन गेलं तर ६२ चे ८३ होतात. आयएस १०५०० प्रमाणे मर्यादा ४५ मि.ग्रॅ. आणि त्यात सवलत नाही. लहान बाळाच्या रक्तात नायट्रेट ऑक्सिजन वाहण्याच्या कामात अडथळा आणतं. ओठ, नखं निळसर दिसली तर लगेच दवाखाना. मेणबत्ती फिल्टर, यूव्ही, तुरटी यांतलं काहीही नायट्रेट काढत नाही. आरओ काढतं, पण पडदा जुना झाला की तेही कमी होतं. म्हणून आरओच्या नळाचं पाणीही एकदा तपासा. तोवर बाळाच्या दुधाला दुसऱ्या खात्रीच्या स्रोताचं पाणी उकळून वापरा.

आता घाण कुणाची? तुमच्या भागात उसाला युरिया पडतो, परसात उकिरडा असतो आणि टाकीही असते. तिन्हींतून नायट्रेट येतं. संडासाची टाकी नायट्रोजन थांबवत नाही. टाकीतला अमोनिया शोषखड्ड्याबाहेर हवेशी गाठ पडली की नायट्रेट होतो आणि मग मातीतही अडकत नाही. ई. कोलाय सोबत आहे म्हणजे खत एकटं दोषी नाही. शेताकडच्या, वरच्या अंगाच्या एखाद्या विहिरीचा नमुना त्याच दिवशी द्या. तिथे नायट्रेट तेवढंच आणि ई. कोलाय शून्य असेल तर नायट्रेट शेतातलं आणि जंतू तुमच्या किंवा शेजारच्या परसातले. टाकीवर संशय असेल तर संडासात फ्लुरेसीनचा हिरवट रंग टाकून दोन-तीन आठवडे विहिरीचं पाणी काचेच्या ग्लासात पांढऱ्या कागदापुढे धरून बघा. रंग दिसला तर विषय संपला. दिसला नाही तर मात्र टाकी निर्दोष ठरत नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळा शुल्क घेऊन खासगी नमुने तपासतात. जंतूंसाठी बाटली त्यांचीच, निर्जंतुक केलेली घ्या. बिसलेरीची रिकामी बाटली चालत नाही. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटने पुसा, पाणी पाच मिनिटं वाहू द्या. बाटलीच्या तोंडाला आतून बोट लावू नका, वर दोन बोटं जागा सोडा. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत पोचवा. टीसीएल टाकल्यावर आठवडाभर नमुना घेऊ नका, नाहीतर अहवाल फक्त पावडरचा येईल. वर्षातून दोनदा तपासा. त्यातली एक वेळ पहिल्या जोराच्या पावसानंतरची हवी, कारण उन्हाळाभर जमिनीत साचलेलं तेव्हा धुऊन खाली उतरतं. अहवालात नायट्रेट "नायट्रेट म्हणून" दिलंय की "नायट्रोजन म्हणून", हेही बघा. दुसऱ्या प्रकारात मर्यादा १० असते आणि ९ हा आकडा पहिल्या प्रकारातल्या ४० एवढा असतो.

आमचा सेफ्टी टँक बावीस वर्षांत एकदाही भरला नाही. मग उपसायची गरज काय? (सातारा जिल्हा)

सेप्टिक टँकचा "सेफ्टी टँक" मराठीने केव्हाच केला. तुमच्या टँकमध्ये सेफ्टी मात्र नाही. बावीस वर्षांत न भरणारी टाकी एकतर बिनतळाची आहे, म्हणजे विटांच्या भोकाभोकांचा खड्डा, किंवा मैला सरळ पुढे वाहून जातोय. चांगली टाकी पहिल्या काही दिवसांतच पाण्याने भरते आणि कायम भरलेलीच राहते. जेवढं आत येतं तेवढं निवळ होऊन बाहेर पडतं. वाढत जातो तो तळाचा गाळ आणि वरची साय. गाळ आउटलेटच्या टी पाइपपर्यंत पोचला की शोषखड्ड्यात जातो, मातीची भोकं बुजवतो, आणि मग अंगणात दुर्गंधी आणि संडासाला उलटा मार. तेव्हा लोक टाकी उपसतात, पण बुजलेला शोषखड्डा परत येत नाही.

मोजमापं आयएस २४७० (भाग १) मध्ये आहेत. पाच माणसांना १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि १ मीटर पाण्याची खोली. वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा. दहा माणसांना, दोन वर्षांनी उपसायची धरून, २ मीटर × ०.९ मीटर × १.४ मीटर. आत येणारा आणि बाहेर जाणारा, दोन्ही पाइपांना टी हवा. आउटलेटचा टी गळून पडलेला असणं हा आम्हाला माहीत असलेला सर्वांत सामान्य दोष. शंभर-दोनशे रुपयांच्या त्या तुकड्यावाचून साय सरळ बाहेर जाते.

झाकण उघडून वाकून पाहू नका. काडी, बिडी, मोबाइलचा टॉर्च पेटवून डोकं आत घालणं, काहीच नको. बांबूला पांढरा जुना टॉवेल गुंडाळा, तळाला टेकेपर्यंत सोडा, दोन-चार मिनिटं ठेवा, हळूच काढा. काळा गाळ फडक्याला चिकटून वर येतो. तो पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशापर्यंत असेल तर गाडी बोलवा. गूळ, शेण, यीस्ट, बाजारातली पावडर यांनी गाळ नाहीसा होत नाही.

माणूस आत उतरवायचा नाही. हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे : पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "तोच म्हणाला उतरतो" हा बचाव नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. सक्शन गाडीच बोलवा, आणि गाडीवाल्याला विचारा मैला कुठे ओतणार. ओढ्यात ओतला तर तो खालच्या गावच्या विहिरीत जातो. तुमच्याच जिल्ह्यातल्या वाईने, आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने, दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी पाळीने उपसायची आणि गाळ प्रक्रिया केंद्रात न्यायचा असा क्रम लावला आहे. ग्रामपंचायतीने जवळच्या नगरपालिकेशी बोलून तिथे गाळ स्वीकारायला लावणं अवघड नाही; ठराव लागतो.

गोव्यात जुन्या घराची दुरुस्ती करतोय. पंचायत म्हणते आरोग्य केंद्राचा दाखला आणा. कशासाठी? (बार्देश)

कारण गोव्यात हे काम कायद्यानेच आरोग्य अधिकाऱ्याकडे आहे. १९८५ च्या गोवा सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली प्राथमिक आरोग्य केंद्राचा हेल्थ ऑफिसर टाकी आणि शोषखड्ड्याची पाहणी करून ना हरकत देतो. विहिरीचा कारभार वेगळा : २००२ च्या भूजल नियमन कायद्याप्रमाणे नवी विहीर किंवा बोअर मारायला आणि असलेलीची नोंद करायला जलस्रोत खातं. पाहणीच्या दिवशी टाकीची झाकणं उघडी ठेवा, शोषखड्डा बुजवू नका, आणि नकाशावर शेजाऱ्यांच्या विहिरीही दाखवा. पुष्कळजण फक्त स्वतःची दाखवतात आणि तिथेच फाइल अडते. महाराष्ट्रात असा दाखला सक्तीचा असता तर वरची निम्मी पत्रं आली नसती.

मॅसॅच्युसेट्समध्ये घर घेतोय. विहीर आणि सेप्टिक दोन्ही खासगी. विकणारा "टायटल फाइव्ह पास आहे" म्हणतो. एवढ्यावर विश्वास ठेवू का?

टायटल फाइव्ह हा सेप्टिक टाक्यांबाबतचा राज्याचा नियम, पण तो चालवतं गावचं बोर्ड ऑफ हेल्थ. घर विकताना तपासणी लागते. ती साधारण दोन वर्षं चालते, दरवर्षी टाकी उपसल्याची पावती असेल तर तीन. अहवाल विकणाऱ्याकडून न घेता बोर्डाच्या कचेरीतून घ्या, सोबत मूळ नकाशा आणि उपशाच्या नोंदी मागा. तीन गोष्टी बघा. तपासणीच्या आदल्या आठवड्यात टाकी उपसली होती का (मग पातळीवरून काही कळत नाही). घर काही महिने रिकामं होतं का (लीचिंग फील्ड, म्हणजे सांडपाणी मुरवणारे चर, सुकून निरोगी दिसतात). डिस्ट्रिब्युशन बॉक्स (टाकीतलं पाणी चरांत वाटणारी पेटी) प्रत्यक्ष उघडला का.

अंतरं : टाकी विहिरीपासून ५० फूट, लीचिंग फील्ड १०० फूट. जुन्या घरात ५० च्या आत फील्ड असेल तर नापास. ५० ते १०० च्या मध्ये असेल तर विहिरीच्या पाण्याचा अहवाल लागतो. नापास झाल्यास सुधारणेला साधारण दोन वर्षं मिळतात, खर्च कुणाचा ते करारातच लिहून घ्या. खासगी विहिरीचं पाणी तपासायची सक्ती राज्य करत नाही. काही गावांची बोर्डं करतात. तुम्ही जंतू आणि नायट्रेटबरोबर आर्सेनिक, युरेनियम आणि रेडॉनही तपासा, कारण तिथल्या ग्रॅनाइटमधल्या बोअरना ते सापडतात. आणि नायट्रेटची १० ची मर्यादा बघून भारतातल्या ४५ शी ताडू नका. अमेरिकेतला आकडा नायट्रोजन म्हणून आहे, दोन्ही जवळजवळ एकच.

टाकीच्या गॅस पाइपला जाळी लावा असं आरोग्य सेवक सांगून जातात. पाइपातून डास कसे येतील? (सावंतवाडी)

येतात, आणि तिथूनच जातात. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो. बंद टाकी त्याला अगदी सोयीची. पाइप किमान ५० मिलिमीटर व्यासाचा हवा, आणि टाकी घरापासून १५ मीटरच्या आत असेल तर छपराच्या दोन मीटर वर न्यावा. तोंडाला नायलॉनची बारीक जाळी घालून तारेने आवळा, दोरीने नको, ती उन्हाने कुजते. टाकीच्या झाकणांच्या फटीही सिमेंटने भरा, कारण पाइप बंद झाला की डास तिकडून निघतात. दर पावसाळ्याआधी जाळी बदला.